राग कुठे जातो

मंगळ, ९ सप्टें.
आजही नाही.
ईराच्या शाळेबाहेर कुणीतरी आमच्या मागे गाडी लावून निघून गेलं. काचेवर नंबरही ठेवला नव्हता. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. श्री. (श्रीधर. पण इथे नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही) सीट मागे करून डोळे मिटून बसला. ओठ हलत होते. नामस्मरण. गाडीवाला सावकाश आला, हातात शावर्मा. म्हणाला, "सॉरी हबीबी." श्री. म्हणाला, "नो प्रॉब्लेम."
मागच्या वर्षी याच जागी अशाच एकाची कॉलर धरली होती यानं. सिक्युरिटीला मध्ये पडावं लागलं.
ईरा मागे फोनमध्ये. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी त्याच्या मानेकडे बघत होते. चिडला की डाव्या बाजूला शीर उठते. आज नव्हती. किंवा कॉलरखाली असेल.

शुक्र, १२ सप्टें.
समोरच्या फ्लॅटमधली रुखसाना संध्याकाळी आली. दापोलीकडची. इतकी वर्षं शारजात, पण बोलायला लागली की अजून गावच्या ओसरीवर बसल्यासारखी. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या गुरूचा पत्ता दे. सलीमला पाठवते. आमच्याकडे नमाजेपेक्षा चिडचिड जास्त."
गुरू-बिरू नाही कोणी. शेजारच्या अजमानला दाते काका राहतात, मुलाकडे. पुण्याचे, बँकेतून रिटायर झालेले. दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये वर्ग असतो, आपलीच माणसं जमतात. सध्या षड्रिपू चालू आहेत. काम झाला, क्रोध चाललाय, संपायचं नाव नाही. श्री. फेब्रुवारीपासून जातो.
फेब्रुवारीपासून म्हणजे वाटीनंतर.
हे इथे कधी लिहिलं नव्हतं. आमटीची वाटी, स्टीलची. कशावरून तेही आता धड आठवत नाही. फॅक्टरीतून फोन आला होता, कुठल्यातरी टॉवरच्या खिडक्या चुकीच्या मापाच्या गेल्या म्हणून, आणि मी मध्येच काहीतरी बोलले. त्यानं वाटी भिंतीवर मारली. ती ईराच्या कानाजवळून गेली. तिच्या केसांत आमटी. पोर रडली नाही. उठून बेसिनशी गेली आणि केस धुवायला लागली.
पुढच्या मंगळवारी हा अजमानला गेला. त्यानंतर त्याचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही.
सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. असेन. पण माझी नोकरी क्लेम तपासायची, मेडिकल इन्शुरन्समध्ये. एखादा क्लेम फारच स्वच्छ आला, सगळे पेपर जागच्या जागी, तर आम्ही तो आधी बाजूला काढून ठेवतो.

सोम, १५ सप्टें.
परीक्षा घेतली. लाज वाटते लिहायला, पण घेतली.
त्याचा निळा शर्ट इस्त्रीला दिलाच नाही. "मिटिंगला तोच हवा होता ना तुला? विसरले." तो म्हणाला, "असू दे, पांढरा घालतो." संध्याकाळी भाजी खारट केली. गपचूप दही घेऊन कालवून खाल्ली. मग मी त्याच्या भावाचा विषय काढला, गावच्या जागेचा, जो काढला की हमखास टेबलावर हात आपटायचा. म्हणाला, "त्याचंही काही म्हणणं असेल."
ईरा ताट ठेवायला उठली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मम्मा, आर यू ट्राइंग टू स्टार्ट समथिंग?"
मराठीत बोल म्हटलं. तर म्हणाली, "काही नाही."

गुरु, १८ सप्टें.
मे महिन्यापासून तो हॉलमध्ये झोपतो. खाली गादी घालून. कारण, पाठ. डॉक्टरनं सांगितलंय म्हणे कडक गादीवर झोपा. कुठल्या डॉक्टरनं ते मी विचारलं नाही. मला एक्स-रे दिसला असता तर पटलं असतं.
पूर्वी काय व्हायचं ते लिहून ठेवते, म्हणजे मला तरी विसरायला नको. भांडण व्हायचं, मोठं, भांडी हलायची. मग दोन दिवस अबोला. मग तो जवळ यायचा. बोलायचा नाही, माफी मागायचा नाही, पण यायचा, आणि तेव्हा मी या घरात आहे हे मला कळायचं. ते चांगलं होतं असं मी कुणालाही सांगणार नाही. पण होतं.
आता भांडण नाही. आणि तेही नाही.
आज विचारलं. "वर्गात सांगितलंय का काही? व्रत वगैरे?"
"नाही गं. पाठ."
आणि चादरीच्या घडीवर घडी घालत बसला. इतकी नीट घडी या माणसानं आयुष्यात घातली नव्हती.
दुसरी कोणी असेल का. शेवटी लिहिलंच. फॅक्टरीत बायका नाहीत, ऑफिसात एक अकाउंटंट आहे, केरळची, वयानं मोठी. वर्गात आहेत तीन-चार. माणूस शांत कधी होतो? त्याला हवं ते दुसरीकडे मिळायला लागलं की.

बुध, २४ सप्टें.
नवरात्र बसलंय. रुखसाना प्रसादाला आली, पेढा हातात घेऊन तशीच उभी राहिली. काहीतरी आहे हे कळलं मला.
"सलीम म्हणाला सांगू नको. म्हणून सांगतेय."
तिच्या नवऱ्याचं, सलीमचं, गाड्यांच्या पार्ट्सचं गोडाऊन आहे दुबईत, अल क्वोजला. काल संध्याकाळी तिथे, मागच्या गल्लीत, त्याला आमची गाडी दिसली. मागच्या काचेवर गणपती, बंपरला पोचा. आमचीच. त्याच्या मते आधीही एकदा दिसली होती.
काल मंगळवार. काल तो अजमानला होता. अजमान इकडच्या टोकाला, अल क्वोज तिकडच्या, दुबईत पार आत. चुकून कोणी जात नाही.
काल जेवताना मला म्हणाला होता, "काकांनी आज फार छान सांगितलं." मी विचारलं होतं, काय. तर म्हणाला, "राग आला की तो कुठे येतो ते बघायचं. शरीरात." आणि पोळी मागितली.
रुखसानाला म्हटलं, काम असेल, साइट असेल तिकडे. ती म्हणाली, "असेल की." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पेढा खाल्ला.

शुक्र, २६ सप्टें.
दाते काकांना फोन केला. नवरात्राचं निमित्त. मग सहज विचारल्यासारखं, मंगळवारी श्रीधर वेळेवर पोचले का?
काका म्हणाले, "या मंगळवारी? नव्हता तो. एका आड एक येतो ना. त्याची शिफ्ट असते म्हणे."
"हो, शिफ्ट असते," मी म्हटलं.
प्रॉडक्शन मॅनेजरला कसली शिफ्ट. पण मी त्याच्यासाठी खोटं बोलले. का, ते कळलं नाही. बहुतेक काकांच्या समोर मला मूर्ख दिसायचं नव्हतं.
त्याचे मंगळवारचे कपडे बघितले. ॲल्युमिनियमची पूड, घाम, नेहमीचं. बुटांच्या तळाला काचेचे बारीक कण. पण खिडक्यांच्या फॅक्टरीत काच नसेल तर काय असेल. या माणसाचा धंदाच असा की अंगावर कुठल्याच गोष्टीचा पुरावा वेगळा ओळखू येत नाही.

मंगळ, ३० सप्टें.
"मी पण येते आज वर्गाला," म्हटलं. मला वाटलं दचकेल. म्हणाला, "चल की." म्हणजे आजचा अजमानचा मंगळवार.
काकांचा हॉल, खाली सतरंजी, एसी फार गार. काका बोलतात बरं. म्हणाले, काम आणि क्रोध वेगळे शिकवावे लागतात कारण एका संध्याकाळी दोन्ही होत नाहीत, एवढंच. आत एकच ओढ असते. हवं ते दिसलं की तिला काम म्हणतात, आणि कोणी आड आलं की तिलाच क्रोध. माना हलल्या. श्री. सगळ्यात मागे, नजर स्वतःच्या हातांवर. एका बाईंनी विचारलं, मग करायचं काय? काका म्हणाले, "मला काय विचारता. मी कालच सुनेवर चिडलो. ती साखर लपवते." सगळे हसले. सूनबाईंना हसू आलं नाही.
नंतर चहाचे कप घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. काका एकटेच होते, डबा शोधत. मी सरळ विचारलं. "काका, संसारी माणसानं वेगळं झोपावं असं काही आहे का साधनेत?"
त्यांचे कान लाल झाले. "मी असं कुणालाही सांगितलेलं नाही. आमची ही जाईपर्यंत आम्ही..." आणि थांबले. एक कप विसळला, पुन्हा विसळला. "मी त्याला रागाचं सांगितलं. राग आला की थांब, श्वास बघ, नाम घे. दुसरं त्यानं आपणहून घेतलेलं दिसतंय."
मग एकदम मलाच विचारलं, "तुम्हाला नाही का येत राग, मेघना?"
"नाही. मला संशय येतो."
"तो कमी दमवतो का?"
मी कप तिथेच ठेवून बाहेर आले. श्री. सगळ्यांच्या चपला सरळ करत होता.

शनि, ४ ऑक्टो.
दसरा झाला. श्रीखंड, झेंडू महाग आणि सुकलेले. त्यानं गाडीला हार घातला, हळद-कुंकू लावलं. मी बघत उभी. कुठे कुठे घेऊन जाते ही गाडी तुला, असं मनात.
रुखसानाशी ठरलं. ती चालवणार. पुढच्या मंगळवारी.

बुध, ८ ऑक्टो.
काल.
ईराला सांगितलं, रुखसाना मावशीबरोबर पडदे बघायला जातेय. ती म्हणाली, "ओके," आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली.
त्याच्या मागे जायची गरजच पडली नाही, गल्ली सलीमनं सांगितली होती. गॅरेज, फर्निचरची गोडाऊनं, मजुरांना परत न्यायला उभ्या असलेल्या बसेस, आणि मध्येच एखादं काचेचं महागडं कॉफीचं दुकान. आमची गाडी एका शेडसमोर. दसऱ्याचा हार वाळलेला, अजून तसाच. शेडवर मोठी पाटी, त्यावर हातोडा काढलेला.
रुखसाना म्हणाली, "हे काय, भंगारवाला?"
आत काउंटर, एक फिलिपिनो मुलगी, हसतमुख. "हॅलो मॅम, बुकिंग?" भिंतीवर हेल्मेट टांगलेली. मग कळलं. लोक इथे वस्तू फोडायला येतात. जुने प्रिंटर, टीव्ही, बाटल्या, काचेची भांडी. एक खोली घ्यायची, दार लावायचं, फोडायचं. त्याचं बुकिंग.
काउंटरच्या वर स्क्रीन, प्रत्येक खोलीचा कॅमेरा. एकीत पोरांचा वाढदिवस चाललेला. एकीत तो.
अंगात तिथून मिळालेला जाडजूड कोट, हेल्मेट, चेहरा दिसतच नव्हता. पण खांदे मी कुठेही ओळखीन. समोर प्रिंटर. हातात लोखंडी बार. आवाज नाही, स्क्रीन मुकीच होती. सगळ्या अंगानं मारत होता, टाचेपासून. मग वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून दम खाल्ला, फुटलेले तुकडे पायानं एका कोपऱ्यात सरकवले, आणि पुन्हा.
मुलगी म्हणाली, "दॅट सर, ही इज रेग्युलर. व्हेरी नाइस. ऑलवेज क्लीन्स."
रुखसानानं माझा दंड धरला. "चल. यल्ला."
गाडीत बसल्यावर ती हसायला लागली, मग मीही. बराच वेळ. ती म्हणाली, "बाई नाही, बाटली नाही. अल्लाचा शुक्र कर."
"हो."
"मग रडतेस कशाला?"
तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. मला हेवा वाटला. एका प्रिंटरचा. मला फुटायचं नव्हतं. पण इतका सगळाच्या सगळा तो माझ्यासमोर शेवटचा कधी होता?
तो घरी आला, आंघोळ केली, जेवायला बसला. म्हणाला, "काकांनी आज मौनाबद्दल सांगितलं." मी आमटी वाढली.

शुक्र, १० ऑक्टो.
ऑफिसात लक्ष नाही. एक क्लेम दोनदा नाकारला.
तो खोटं नेमकं कुठे बोलतोय? घरी शांत असतो, ते खरं. जप करतो, तेही खरं, पहाटे माळेचा आवाज मला ऐकू येतो. मंगळवारचं खोटं. मग शांतपणा खरा की जागा बदललेला राग? मला वाटतं जागा बदललेला. वर्गातले लोक मात्र राग गेला म्हणून त्याला नमस्कार करायचे बाकी राहिलेत.
पण मग मला काय हवंय? घरात फोडलेलं हवंय का?
नाही. तसंही नाही.
काकांना चांगला श्रीधर मिळतो. अल क्वोजला खरा मिळतो. मला जो मिळतो तो दोन्हीकडून उरलेला, चादरीच्या घड्या घालणारा.

बुध, १५ ऑक्टो.
काल वर्गात श्री.ला बोलायचं होतं. काकांनीच सांगितलं होतं, क्रोध संपवताना कोणीतरी अनुभव सांगावा. मी गेले. जाणारच होते.
चांगला बोलला. कागद नव्हता. म्हणाला, पूर्वी मला वाटायचं राग ही माझी ताकद आहे, फॅक्टरी माझ्या रागावर चालते. मग एक दिवस घरात एक प्रसंग झाला. प्रसंग सांगितला नाही. पुढच्या ओळीतल्या जोशींनी विचारलं, "पण केलंत कसं? आमचा तर जात नाही." मी त्याच्याकडे बघत होते. आता सांग. आता सांगितलंस तर मी सगळं सोडून देईन.
म्हणाला, "नाम."
सगळ्यांनी हात जोडले.
परत येताना गाडीत मी म्हटलं, "छान बोललास. अल क्वोजचं राहिलं."
एक सिग्नल गेला. मग, "कोणी सांगितलं?"
"मी बघितलं."
"बघितलं म्हणजे?"
"आत जाऊन. स्क्रीनवर."
"तू माझ्या मागे आलीस?"
आणि तो आवाज. जुना. काच थरथरावी तसा. "माझ्या मागे? तिथे? एक जागा, एकच जागा ठेवली होती मी..." पुढचं मला शब्दशः आठवत नाही. मला दोन गोष्टी आठवतात. पहिली, मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. आला, म्हटलं, हा आला. दुसरी, माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. मी नेला नव्हता. गेला होता.
त्यानं तो हात बघितला.
इंडस्ट्रियल एरियात होतो, दुकानं बंद व्हायच्या बेतात. एका टायरवाल्याच्या समोर गाडी घेतली, थांबवली, उतरला. पाठ करून उभा राहिला. दोन्ही हात काखेत घालून, थंडी वाजावी तसा. ऑक्टोबरात. टायरवाला पठाण बाहेर येऊन काहीतरी विचारून गेला, यानं मान हलवली.
मग येऊन बसला. गाडी चालू केली नाही.
"हेच," म्हणाला. "हे होतं म्हणून जातो तिथे."
मी हात मांडीवर घेतला.
"वाटी मी तिच्यावर मारली नव्हती, मेघना."
"माहीत आहे."
"मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं." मग म्हणाला, "राग आला की इथून सुरू होतं," छातीच्या खाली हात ठेवला, "आणि तुझ्याजवळ आलो तरी इथूनच. तसंच गरम. आधी मला कधी कळलं नव्हतं. आता बघायला शिकलो तर दोन्ही सारखेच दिसतात. कुठला कुठला ते हात लावल्यावरच कळणार. म्हणून मग हात..."
वाक्य पुरं केलं नाही.
"आणि जप?"
"जप खरा आहे. पण त्यातून उरतं थोडं."
"ते तिथे."
"ते तिथे."
"काकांना माहीत आहे?"
"नाही." पण म्हणायच्या आधी थांबला. मी टिपलं ते.
"मला का नाही सांगितलंस?"
त्यानं गाडी चालू केली.

शनि, १८ ऑक्टो.
दिवाळीची साफसफाई. पंखे त्यानं पुसले. दोघंही एकमेकांशी पाहुण्यांसारखे. "जरा ते देतेस?" "हो, घे." ईरा मधून मधून खोलीबाहेर येऊन दोघांकडे बघून आत जाते.
कडीचं डोक्यातून जात नाही. सोळा वर्षं झाली लग्नाला. त्यानं माझ्यावर कधी हात उचललेला नाही. भिंती, दारं, एक फोन, ती वाटी. माझ्यावर नाही. मग माझ्या हाताला काय माहीत होतं?
की त्यालाही असंच होतं. त्याचा हात, माझा हात. दोघांनाही आम्ही विचारलं नाही.
त्यानं सांगितलं ते खरं का? पटतं. पण फार पटतं. इतकी चांगली कारणं देणारा माणूस तो नव्हता. काकांचे शब्द आहेत की त्याचे?
हे असं माझं. मनातून काढते आणि पुन्हा तिथेच.

गुरु, २३ ऑक्टो.
पाडवा काल झाला. ओवाळलं. त्यानं ताटात कानातले ठेवले, मी घातले. सुंदर आहेत. त्यात त्याचा हात माझ्या हाताला लागला, आणि दोघांनीही लागलाच नाही असं केलं.
आज ईरा. मी तिच्या केसांना तेल लावत होते, तशी ती हल्ली लावून घेत नाही. मी म्हटलं, बाबाबद्दल तुला काही विचारायचंय का? घरात जे चाललंय त्याबद्दल.
"इज इट अबाउट द स्मॅशिंग प्लेस?"
माझे हात थांबले. "तुला काय माहीत?"
"ही टोल्ड मी. लाइक, मार्चमध्ये." मग इंग्रजीतच सगळं. बाबा तिला एकदा घेऊन गेला होता. तिला आत नेलं नाही, काचेतून दाखवलं. सॉरी म्हणाला, वाटीबद्दल. आणि म्हणाला, आता तो इथे जातो, घरी येणार नाही. "तो" म्हणजे राग. बाबानं असं सांगितलं जणू कुणी पाहुणा आहे, ईरा म्हणाली, आणि जरा हसली.
"आणि मला नाही सांगितलं. तूही नाही, त्यानंही नाही."
ती तेलाची बाटली फिरवत बसली. मी म्हटलं, सांग, मी रागावणार नाही.
"यू डोन्ट गेट अँग्री, मम्मा. यू लुक."
"लुक म्हणजे?"
"ॲट हिम. लाइक ही हॅज ऑलरेडी डन इट."
"काय केलंय?"
"एनीथिंग."
मी तेल लावत राहिले. वेणी घातली. सैल झाली, तिनं तशीच ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. राग आला होता. खराखुरा, छातीच्या खाली, गरम. कुणावर ते कळेना. पोरीवर नाही. ओट्यावरचा पेला हातात घेतला होता मी. ठेवला. ठेवताना जोरात ठेवला गेला आणि हॉलमधून तो म्हणाला, "काय झालं?"
"काही नाही," मी म्हटलं.
तो उठून आला नाही, पण टीव्ही बंद केला.

रवि, २६ ऑक्टो.
रुखसानाला सगळं सांगितलं, ईराचं सोडून. ती म्हणाली, "मग आता माफ कर आणि सोड." मी म्हटलं, माफ करायला त्यानं काही केलेलंच नाही, तीच तर अडचण. ती म्हणाली, "तुझं तुला तरी समजतं का गं?"
काकांचा फोन येऊन गेला. क्रोध संपला, आता लोभ. मला विचारत होते, मत्सर येईल तेव्हा तुम्ही बोलाल का. मुद्दाम विचारलं का? म्हणजे त्यांना काही माहीत आहे का?
बघते म्हटलं.
संध्याकाळी श्री. बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. मी गेले, दुसऱ्या टोकानं चादर धरली. झटकली. त्यानं धरलेलं टोक सोडलं नाही, मीही नाही. खाली कुणीतरी पार्किंगवरून भांडत होतं, अरबीत आणि मल्याळीत, दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं बहुतेक. आम्ही दोघं ऐकत उभे.

मंगळ, २८ ऑक्टो.
तो लवकर आला आज. बूट काढले नाहीत. दारातच उभा.
गेला मंगळवार दिवाळीत गेला, त्यामुळे आज अजमान की दुसरं, माझा हिशेब चुकलाय. त्याचाही चुकला असेल. म्हणाला, "येतेस?"
कुठे, हे त्यानं सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं माझ्या. विचारलं असतं तर सांगितलंही असतं त्यानं, आणि मग मी ते तपासत बसले असते.
मी त्याच्याकडे बघितलं. ईरा म्हणते तसं नको, म्हणून प्रयत्न करून बघितलं. पण कसं दिसत होते ते मला कसं कळणार. त्याचा चेहरा काही सांगेना. थकलेला होता. शर्टावर ॲल्युमिनियमची पूड. हात खिशात नव्हते, खाली सोडलेले होते.
म्हटलं, थांब, कपडे बदलते. आत येऊन हे लिहितेय. ईराला सांगितलं, भात लावलाय, शिट्टी झाली की बंद कर. ती म्हणाली, "व्हेअर आर यू गाइज गोइंग?" मी म्हटलं, माहीत नाही. तिनं मान वर करून बघितलं, आणि पुन्हा फोनमध्ये गेली.
हिरवा ड्रेस घालते. कानातले राहू देत की काढू? तिथे हेल्मेट घालावं लागतं. वर्गात काढायचं कारण नाही.
आत्ता हाक मारली त्यानं. आवाज साधा होता. निदान मला साधा वाटला.